अळंबीला एक रात्र

सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या कॉलनीतलं लॉन आता नाही. त्या जागी राखाडी-तांबडे ब्लॉक बसवले आहेत आणि त्यांवर गाड्या उभ्या असतात. फटींतून शेवाळ वर आलं आहे, तेवढंच हिरवं. श्रावणातल्या एका दुपारी तिथं उभं राहिल्यावर आधी जाणवलं ते हे, की वास नाही. पूर्वी या आवारात तीन वास एकत्र असत: कापलेल्या ओल्या गवताचा, कंपन्यांकडून येणारा तापलेल्या सुताचा तेलकट वास, आणि बी इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून उतरणारा एक वेगळाच वास. कच्चं पीठ, ओली माती, मधूनच कडू बदाम. तो शालिनीबाईंच्या घरातून येई. पावसाळ्याचे चार महिने त्या घराचं दार जवळजवळ उघडंच असायचं.

बाई मूळच्या नाशिकच्या. यजमान सुताच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून सिल्वासाला आले, त्यांच्याबरोबर त्याही आल्या. इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागल्या. यजमानांच्या बदल्या पुढं वापीला, मग पुण्याला झाल्या. बाई हलल्या नाहीत. त्यांचा विषय बुरशी. पिकावरची नव्हे, रानातली. कुजलेल्या खोडावर कानासारखी उगवणारी, सागाच्या पाचोळ्याखाली लपणारी, शेणावर सकाळी येऊन दुपारी शाई होऊन गळून जाणारी, वारुळावर पांढऱ्या छत्र्यांची जत्रा भरवणारी. कॉलनीत त्या मॅडम होत्या. खानवेलकडच्या बायकांच्या त्या शालिनीबेन. कामगार त्यांना नुसतं बाई म्हणत. तिन्ही हाकांना त्या सारखीच ओ देत.

या भागात कुणाचीच भाषा एकटी राहत नाही. मराठीत जी कुत्र्याची छत्री, ती गुजरातीत बिलाडीनो टोप. बाईंना याची फार मौज वाटे. "कुत्र्याला छत्री दिली, मांजराला टोपी दिली. माणसाच्या वाट्याला काय ठेवलं मग?" असं त्या वर्गात विचारत. मागच्या बाकावरून उत्तर येई, "ओव्हरटाइम, मॅडम."

बी इमारतीखाली, खांबांच्या मधल्या जागेत, टेबल टेनिसचं एक टेबल पडून होतं. जाळी केव्हाच फाटली होती. पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी त्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरली जात आणि लोक यायला लागत. कुणी पळसाच्या पानात, कुणी हेल्मेटमध्ये, कुणी टिफिनच्या डब्यात, कुणी ओढणीच्या टोकात बांधून रानातलं जे उगवलेलं दिसलं ते घेऊन येई. कारखान्यातले सुपरवायझर येत, भाजीवाल्या येत, पावसात भिजून आलेली शाळकरी पोरं येत. टेबलावर रंग मांडले जात: लिंबासारखा पिवळा, जुन्या विटेचा तांबडा, जांभळा, आणि पांढऱ्याचे तर मोजता येणार नाहीत इतके प्रकार. पावसाची झड आत आली की सगळे मिळून टेबल ओढत मागं घेत. त्याच्या पायांचा फरशीवर घासल्याचा आवाज म्हणजे त्या वर्षांचा आवाज.

बाई प्रत्येक नग हातात घेत. आधी वास, मग स्पर्श, मग खालची बाजू. आणि मग प्रश्न. कुठं मिळाली? जमिनीवर की लाकडावर? शेजारी झाड कुठलं? तुमच्यात हिला काय म्हणतात? उत्तर लिहून होईपर्यंत त्या पुढच्या माणसाकडे वळत नसत. सुकवलेल्या प्रत्येक नगाच्या पाकिटावर शास्त्रीय नावाच्या वर आणणाऱ्याचं नाव आणि त्याचं गाव असे. वारली नाव, कोकणा नाव, खानदेशी नाव, तिघांची तीन असतील तर तिन्ही. पुढं ही पाकिटं मोठ्या शहरातल्या संग्रहालयात गेली. तिथल्या एका तरुण संशोधकानं विचारलं, या लोकांची नावं एवढी ठळक कशाला. बाई म्हणाल्या, "सापडली कुणाला? मी तर टेबलापाशी बसले होते."

"खाऊ का?" या एका प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे उत्तर नसे. "मी नाव सांगते, जेवण नाही," एवढंच त्या म्हणत.

नाव सांगणंही सोपं नव्हतं, आणि त्याला कारण जमनी. जमनी ही खानवेलकडची वारली बाई. श्रावणात रस्त्याच्या कडेला बसून पानाच्या पुड्यांत वारुळावरची अळंबी विकायची. या अळंबीला जमिनीत लांबच लांब मूळ असतं, थेट वारुळाच्या पोटापर्यंत गेलेलं. ते मूळ ही तिची पक्की खूण. पण जमनी आणि तिच्याबरोबरच्या बायका मूळ कधी काढत नसत. जमिनीलगत नखानं खुडायची, वर मूठभर माती लोटायची, आणि पुढं. बाईंनी एकदा एक तरी मुळासकट आण म्हणून फार गळ घातली.

"मूळ उपटलं तर पुढचे साली काय खाशील?" जमनीनं विचारलं. "कागूद?"

"अगं, एकच दे. बाकीच्या हजार राहतील."

"पयला माणूस पण एकच म्हणतो, बेन."

टेबलाभोवतीचे सगळे हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी तो हट्ट कायमचा सोडला. कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, जे पिढ्यान् पिढ्या राखलं आहे ते माझ्या एका पाकिटासाठी मोडायचं नाही. पण त्यामुळे टेबलावर येणारी प्रत्येक अळंबी बिनमुळाचीच येत राहिली. खानदेशातून आलेले कामगारही तसंच खुडत. तेव्हा ओळखीसाठी उरला तो ठसा.

ठसा घेणं हा त्या घरातला रोजचा संध्याकाळचा विधी होता. अळंबीचा दांडा कापायचा, टोपी कागदावर पालथी ठेवायची. अर्धा कागद पांढरा, अर्धा काळा, म्हणजे फिकट रंगही दिसतो. वर स्टीलची वाटी झाकायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. वाटीखाली, वारा नसलेल्या जागेत, टोपीच्या पाकळ्यांमधून डोळ्याला न दिसणारी पूड गळत राहते. सकाळी वाटी उचलली की कागदावर सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारखं चित्र उमटलेलं असतं. कुणाचं चॉकलेटी, कुणाचं गंजाचं, कुणाचं नुसतं पांढरं. वारुळाच्या अळंबीचं फिकट गुलाबी, पुष्कळदा धुतलेल्या साडीसारखं. बाईंच्या बाहेरच्या खोलीत हे कागद दोरीला चिमट्यांनी टांगलेले असत. आल्यागेल्याला त्यांच्याखालून वाकून जावं लागे. दूधवाला, मीटर बघणारा, गॅसवाला, सगळे वाकत.

सोसायटीला हे सगळं फारसं पसंत नव्हतं. सेक्रेटरी सज्जन माणूस, पण जबाबदारीनं दबलेला. एकदा तो टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, उद्या कुणाला उलट्या झाल्या तर बोर्डावर नाव माझं आहे."

"एक माणूस जरी आजारी पडला तरी टेबल बंद," बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगायला येऊ नका. मीच बंद करीन."

हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं आणि त्या दिलेला शब्द पाळत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तिथून पुढं दर रविवारी टेबलाभोवती थोडी धास्ती असे. शब्द त्यांचा होता. तो खरा ठरणं न ठरणं मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी पातेल्यावर अवलंबून होतं.

हिरामण त्याच पावसाळ्यात यायला लागला. तळोद्याकडचा, सुताच्या कंपनीत मशीनवर, अथालला चाळीत राहणारा. डोंगराच्या पायथ्याचं गाव, त्यामुळे रानातलं त्याला कळतं असा त्याच्या खोलीवर लौकिक होता. एका रविवारी त्यानं एकच अळंबी आणली. मुठीएवढी, नुकती उघडू लागलेली, पांढरी, वर तपकिरी खपल्या. कंपनीच्या ऑफिससमोरच्या लॉनवर मिळाली म्हणाला.

बाईंनी ती उलटीसुलटी केली. दांड्याला एक कडं होतं, ते त्यांनी बोटानं वरखाली सरकवून पाहिलं.

"वारूळ होतं तिथं?"

"वारूळ कुठलं बाई, साहेब लोक ठेवतील का? पण हीच शे आमनी. गावले हीच खातो आम्ही."

"आतून पांढरी आहे अजून. उद्या सांगते. तोवर शिजवायची नाही. आणखी आहेत का?"

"नाही, एवढीच," हिरामण म्हणाला.

ते खरं नव्हतं. बाई सगळं सुकवून शहरात पाठवतात असा खोलीवर समज होता, आणि त्या थैलीची वाट सहा-सात जण पाहत होते. गाव सोडल्यापासून त्यांच्यातल्या कुणी अळंबी खाल्ली नव्हती.

सोमवारी सकाळी बाईंनी वाटी उचलली. कागदावर हिरवा ठसा होता. पानाचा हिरवा नव्हे. तांब्याचं भांडं बरेच दिवस न घासता राहिलं की कडेला जो रंग धरतो, तो. पोटात गेली तर माणसाला दिवसभर आडवं करणारी, अशक्त असेल तर दवाखान्यात पोचवणारी ही जात कापलेल्या गवतात येते. बाई तो कागद घेऊन सुकवायला गॅलरीत आल्या, तेव्हा खाली कॉलनीचा वॉचमन दात घासत उभा होता. बाईंनी वरूनच हिरामणबद्दल विचारलं. त्यानं हिरामणला आदल्या दिवशी फाटकातून येताना पाहिलं होतं. "वो लड़का? उसके पास तो पूरी थैली थी मॅडम. सायकल के हँडल पे लटकाई थी. एक ही निकाल के अंदर लाया."

बाईंनी पायात चपला घातल्या आणि दोरीवरचा आणखी एक कागद ओढून घेतला. चिमटा खाली पडला, तो उचलला नाही. कॉलनीतले आम्ही दोघे, त्यांचेच विद्यार्थी, कॉलेजला निघालो होतो. रिक्षा त्यांनीच थांबवली आणि आम्हालाही आत घेतलं. कागद मांडीवर पालथे धरले होते, पूड पुसली जाऊ नये म्हणून वरून ओंजळ.

कंपनीच्या फाटकात रात्रपाळी सुटत होती. सायकली, डबे, कानात अजून मशीनचा आवाज असल्यासारखी मोठ्यानं बोलणारी माणसं. बाई त्या गर्दीच्या मधोमध हिरवा कागद छातीशी धरून उभ्या राहिल्या. लोक वळून पाहत होते. कुणीतरी म्हणालं, "युनियनवाली काय रे?" हिरामण दिसला तेव्हा त्यानं आधी कागद पाहिला, मग बाईंकडे, आणि सायकल स्टँडला परत लावली.

"थैली कुठाय?"

"खोलीवर. दगाभाऊकडे." त्याचा चेहरा उतरला. "आता शिजवली असतील बाई. मी ड्युटीवरून येतो तेव्हाच जेवतो आम्ही."

अथालच्या चाळीत शिरताना भाजीचा वास बाहेरपर्यंत आला होता. भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला. तो वास अतिशय चांगला होता, हे इथं नोंदवलं पाहिजे. खोलीत माणसं भिंतीला टेकून बसली होती, ताटं समोर होती, भाकरी वाढलेल्या होत्या. मधोमध स्टोव्हवर पातेलं. आणि कुणीही हात लावलेला नव्हता.

हे नशीब नव्हतं. त्यांच्याकडे रानातून आणलेली अळंबी ज्यानं खुडली त्यानं पहिला घास घ्यायचा असतो. त्याच्या आधी घरातलं लहान मूलही खात नाही. ओळखली कुणी, तर त्यानं. मग जबाबही त्याचाच. दगाजी त्या खोलीतला वयानं मोठा, हिरामणच्याच गावचा, स्वयंपाक तोच करी. तो सगळ्यांना धरून हिरामणची वाट पाहत बसला होता.

"ये भो, ये," दगाजी म्हणाला. "बाईले बी आणलं का जेवाले? बसा बाई. भूक लागी गई सगळ्यास्ले."

"दगाभाऊ, ही खायची नाही," बाई म्हणाल्या.

कोपऱ्यातून एकजण हसला. "काय रे हिरामण, जंगलना राजा! आता कॉलेजनी बाई सांगाव का तुले अळंबी?"

"तू तोडी ना? मंग तूच खाय पयले," दुसरा म्हणाला. "खरी व्हई तर खाय."

हिरामण खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पातेल्यात बुडवला. रश्श्याचा थेंब भाकरीवरून त्याच्या मनगटावर ओघळला. घास त्यानं तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. तो खाल्ला असता तर बाकीचेही जेवले असते. नसता खाल्ला तर त्या खोलीत त्याच्या शब्दाला पुन्हा किंमत राहिली नसती.

बाईंनी त्याचा हात धरला नाही, ओरडल्याही नाहीत. त्या त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि दोन्ही कागद ताटांच्या मध्ये ठेवले. एक फिकट गुलाबी, एक हिरवा.

"हा गुलाबी वारुळाच्या अळंबीचा. खानवेलची आहे, तुझ्या गावचीही अशीच असणार," त्या म्हणाल्या. "वरून दोघी सारख्या. कुणीही फसेल. मीसुद्धा काल सांगू शकले नाही, रात्र लागली मला. हिरामण, तुझी ओळख खोटी नाही. ही तुझ्या गावची नाहीच. लॉनच्या गवताबरोबर आलेली आहे, तुझ्यामाझ्यासारखी बाहेरून. तुझा आजा इथं असता तर तोही थांबला असता."

हिरामणनं एका कागदावरून दुसऱ्यावर नजर नेली आणि घास ताटाच्या कडेला ठेवला.

"आजा थांबनाच असता," दगाजी हळूच म्हणाला. "नवीन जागावरलं काहीबी तो पयल्या दिवशी खाये नही."

त्या एका वाक्यानं हिरामण सुटला. त्यानंच पातेलं उचललं. कुत्र्याबकऱ्यांनी खाऊ नये म्हणून चाळीमागं खड्डा केला गेला. खुरपं बाईंच्या पिशवीत असायचंच. खणायला त्या स्वतः बसल्या. ओल्या मातीवर मसाल्याची तर्री पसरली आणि दिसेनाशी झाली. परत येऊन सगळ्यांनी मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खाल्ली, बाईंनीही. दगाजी प्रत्येक घासाला कुरकुरत होता. "वरीसभरनी एक भाजी भेटनी, ती बी बाईनी पुरी टाकी. आते काय, तेरावं बी कराव का तिचं?" हसता हसता एकाला ठसका लागला.

सेक्रेटरीला बाईंनी त्याच दिवशी सगळं सांगितलं, काही न लपवता. तो म्हणाला, "आजारी तर कुणी पडलं नाही ना. मग शब्दाचा प्रश्न येत नाही." पुढच्या रविवारी अथालची सगळी खोली टेबलापाशी आली. दगाजीनं पुढं होऊन विचारलं, ती वाटी पालथी घालण्याची रीत काय आहे ते नीट दाखवा. बाईंनी दाखवली. तेव्हा त्यांच्यातच ठरलं: खुडणाऱ्यानं आधी आपल्या हातानं वाटी उचलायची, रंग पाहायचा, मगच पहिला घास. गुलाबी सोडून दुसरा कुठलाही रंग आला तर अळंबी टेबलावर, पातेल्यात नाही. बाईंनी तरीही कुणाला खा म्हटलं नाही. अळंबीला एक रात्र द्या, एवढंच त्या म्हणू लागल्या.

त्यानंतरची वर्षं आठवतात ती वाट्यांची. टोकरखाड्याच्या स्वयंपाकघरांत ओट्याच्या कोपऱ्यात, अथालच्या चाळीत ट्रंकेवर, जमनीच्या झोपडीत कणगीच्या आडोशाला पालथ्या वाट्या. आमटी वाढायला वाटी कमी पडली की घरात चौकशी होई, कुठल्या वाटीखाली काही आहे का. सकाळी शेजारणी एकमेकींना कागद दाखवत, पापड दाखवावेत तसे. जमनी ठशांना रांगोळी म्हणायची. बाई तो शब्द पाकिटावर लिहीत.

मग वारुळांच्या जागी शेड आल्या, लॉनच्या जागी ब्लॉक. जमनी रस्त्यावर दिसेनाशी झाली. हिरामण गावी परतला. बाई शेवटपर्यंत पावसाळ्यात दार उघडं ठेवत होत्या. टेबल गेल्यावर जिन्याच्या पायरीवर बसत. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. पहिल्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं राहतं, दाराला बाहेरून जाळी बसवली आहे.

त्या दुपारी टोकरखाड्याहून अथालला जायचं काही कारण नव्हतं. तरी जाणं झालं. चाळ पक्की झाली आहे, वर एक मजला चढला आहे. जुन्या खोलीतलं कुणी तिथं असणं शक्यच नव्हतं. खालच्या एका खोलीच्या खिडकीत मात्र कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर एक स्टीलची वाटी पालथी होती. दारात विशीतली एक बाई तांदूळ निवडत होती. नवरा पॅकिंगला, माहेर-सासर दोन्ही सुरगाण्याकडचं.

"अळंबी आहे का?"

"हो. यांनी आणली नदीकडनं."

"मग शिजवत का नाही?"

"आज कशी शिजवू?" तिनं मान वर केली. "आज तिची रात्र आहे ना. सकाळी हे वाटी काढतील, मग बघू."

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? आमच्यात पहिल्यापासून असंच आहे. गावाकडची पद्धत."

सुरगाण्याकडे अळंबी आणतात त्याच दिवशी शिजवतात. तिला ते सांगितलं नाही. वाऱ्यानं कागदाचं टोक उचललं जात होतं. तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं, उठून वाटी न हलवता त्या टोकावर काडेपेटी ठेवली आणि खिडकीचं एक दार लोटून घेतलं.